घट्ट म्हणजे किती?

जुन्या गाडीच्या मालकाला तिच्या आवाजाबद्दल कधी विचारू नये. आपण विचारतो, ‘‘हे काय वाजतंय?’’ आणि तो म्हणतो, ‘‘कुठं काय?’’ त्याला ऐकू येत नाही असं नव्हे. त्यानं सगळ्या आवाजांची केव्हाच वर्गवारी करून टाकलेली असते. दार वाजतं ते बिजागरीमुळे, तिथं धोका नाही. मागं खळखळतो तो आधीच्या मालकाचा चमचा. तो पत्र्याच्या आत कुठंतरी पडलाय आणि कुणालाही सापडलेला नाही. डॅशबोर्डखालची किणकिण फक्त चढावर येते, म्हणजे दोष चढाचा. अशा भरल्या घरात एखादा नवा आवाज शिरला, की मालक त्याला आधी एखाद्या जुन्या नावाखाली बसवायला बघतो. तेवढं जमलं की दुरुस्ती झाल्याचं समाधान मिळतं आणि खर्चही येत नाही.

माझ्या साडूंकडे अशी एक गाडी आहे. 1973 सालची फोक्सवॅगनची बस. बस म्हणजे आपली लाल डब्याची नव्हे. सात-आठ माणसं बसतील एवढी व्हॅन. पुढून सपाट, इंजिन मागं, आणि रेडिएटर मुळातच नाही, कारण इंजिन हवेवर थंड होतं. वरचा भाग पांढरा, खालचा नारिंगी. साडू कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतात आणि आठवडाभर संगणकाच्या आज्ञावल्या लिहितात. शनिवारी ही गाडी बाहेर काढतात. ती रस्त्यावर आली की अनोळखी माणसं हात हलवतात, सिग्नलला शेजारची गाडी काच खाली करते. पेट्रोल पंपावर एखादे आजोबा येऊन, आपण तरुण असताना अश्शीच गाडी होती, हे डोळ्यांत पाणी आणून सांगतात. प्रेम करणारे अमाप. पाना धरायला यातला एकही येत नाही.

या गाडीचा जन्म वहीच्या एका पानावर झाला. बेन पॉन नावाचे डच गृहस्थ वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात गेले असता, कामगारांनी सुटे भाग इकडून तिकडे न्यायला बीटलच्या सांगाड्यावर केलेलं एक सपाट वाहन त्यांच्या नजरेला पडलं. 23 एप्रिल 1947 रोजी त्यांनी आपल्या वहीत एक खोका काढला, त्याला चाकं काढली, चालक अगदी पुढं, इंजिन अगदी मागं, मधे 750 किलो माल. 1950 साली ती गाडी तयार होऊन कारखान्याबाहेर पडली, आणि तिचा वंश ब्राझीलमध्ये 2013 पर्यंत चालू राहिला. वहीचं ते पान आज आम्सटरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये जपून ठेवलंय. साडूंनी त्याची प्रत चौकट करून गॅरेजमध्ये लावली आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवतात, ‘‘बघा, किती साधी गाडी!’’ वहीत सगळ्याच गाड्या साध्या असतात. त्या खोक्याला चाक ज्या नटानं धरून ठेवायचं तो किती आवळायचा, हे काही बेन पॉन यांना त्या पानावर लिहावं लागलं नाही.

साठ-सत्तरच्या दशकांत अशा कितीतरी बसगाड्या युरोपातून निघून इस्तंबूल, तेहरान, काबूल करत थेट गोव्याला हणजुण्याच्या किनाऱ्यापर्यंत आल्या. आपलीही गाडी त्यातलीच असावी, अशी साडूंची एक हळवी समजूत आहे. कागदपत्रांवरून ती सॅन होजेच्या पलीकडे कधी गेल्याचं दिसत नाही. पण हा विषय मी काढत नाही. साडू आहेत, सणावाराला भेट होते.

तर या गाडीत नवा आवाज आला. ‘टक्’. गाडी रिव्हर्सला टाकून अंगणातून बाहेर काढली की एकदा, आणि पहिल्या गिअरला टाकून पुढं घेतली की एकदा. मधे पूर्ण शांतता. साडूंनी तो ‘थंडीमुळं’ या सदरात टाकला. फ्रीमाँटच्या थंडीत लोक अर्ध्या चड्डीत फिरतात, हा मुद्दा गौण.

तो तसाच त्या सदरात राहिला असता, पण आमचे सासरे आले.

आमचे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झाले. सहा महिन्यांच्या मुक्कामाला आई-अण्णा थोरल्या लेकीकडे आले होते. अमेरिकेत आलेल्या सासऱ्यांना जावई ज्या गोष्टी दाखवतात त्या सगळ्या दाखवून झाल्या होत्या: गोल्डन गेटचा पूल, मोठ्या कंपन्यांची मोठी आवारं, घाऊक दुकानातल्या गाद्यांएवढ्या टिश्यूपेपरच्या थप्प्या. अण्णा सगळं बघायचे आणि ‘‘छान’’ म्हणायचे. शेवटी साडूंनी त्यांना लाडक्या बसमध्ये बसवून लिव्हरमोरच्या देवळात नेलं. अण्णा मागच्या सीटवर उजव्या बाजूला बसले होते. परत आल्यावर खाली उतरले, चप्पल घातली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले,

‘‘जावईबापू, मागचं उजवं चाक अलीकडं कुणी उघडलं होतं?’’

इथं अण्णांची अडचण सांगायला हवी. या माणसाची हयात फिटर, हेल्पर आणि शिकाऊ पोरांवर ओरडण्यात गेली. कार्यशाळेत त्यांची एक भाषा होती. ती आईंनी घराच्या उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिली नाही, पण दापोडीत अजूनही काही लोक तिची आठवण काढतात म्हणे. आता समोर हातात चुकीचा पाना धरून उभा असलेला माणूस हा जावई. जावयाला अरेतुरे करता येत नाही, बावळट म्हणता येत नाही, हातातून पाना हिसकावून घेता येत नाही. त्यामुळं अण्णांचा सगळा संताप आदरार्थी बहुवचनातून बाहेर यायचा. ‘‘आपण जरा बाजूला होता का?’’ याचा मूळ पाठ काय असेल ते माझ्या लक्षात यायचं. ‘‘आपल्याला कुणी शिकवलं हे?’’ हा प्रश्न तर इतक्या अदबीनं यायचा की साडू त्याचं उत्तर देत बसायचे.

चाकाची मधली टोपी काढली. आत तो नट होता. या गाडीच्या मागच्या एक्सलचा नट 46 मिलिमीटरचा. चांगला कंदी पेढ्याएवढा, आणि वरच्या कडेला खाचा पाडलेला. एक्सलच्या टोकाला आडवं भोक असतं. त्या भोकातून आणि नटाच्या खाचेतून एक स्प्लिट पिन आरपार घालायची आणि तिचे दोन्ही पाय वाकवून टाकायचे, म्हणजे नट सैल व्हायचा म्हटला तरी होऊ शकत नाही. इथं पिन नव्हती. पिनेच्या जागी कुणा पूर्वसुरीनं एक खिळा घातला होता. साधा, सुताराचा, डोक्याचा खिळा, टोक वाकवलेला. आणि नटाच्या बुडाशी, वॉशरच्या कडेकडेनं, तांबूस भुकटीचं बारीक कडं जमलं होतं.

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. ती भुकटी बोटावर घेतली, अंगठ्यानं चोळली आणि साडूंच्या नाकासमोर धरली.

‘‘हे काय आहे?’’

‘‘गंज?’’

‘‘लोखंडाचं पीठ. दळण चालू आहे आतमध्ये.’’

एक्सलच्या टोकाला बारीक उभे दाते असतात आणि चाकाच्या हबला आतून तसेच दाते. कारागीर त्यांना स्प्लाइन म्हणतात. दात्यात दाता बसतो आणि इंजिनाचं फिरणं चाकापर्यंत पोचतं. पण हे दाते एकटे हा भार सोसायला केलेले नाहीत. मोठा नट पुरता आवळला की हब, त्यामागचा बुश, बेअरिंग सगळे एकमेकांवर दाबले जाऊन एकजीव होतात आणि दात्यांना हलायला जागाच उरत नाही. नट थोडा सैल पडला की दात्यांमधे केसभर फट. गाडी पुढं घेतली की दाता एका बाजूला आपटतो, मागं घेतली की दुसऱ्या. तोच तो ‘टक्’. हालचालीत लोखंड लोखंडावर घासतं, भुकटी पडते, फट वाढते, टक् मोठा होतो. असं करत करत एक दिवस हबचे दाते साफ गुळगुळीत होतात; मग इंजिन फिरतं, एक्सल फिरतो, आणि गाडी जागच्या जागी आपलं म्हणणं मांडत उभी राहते. नट त्याआधीच निघून पडला तर हकीकत आणखी वाईट, कारण मग चाक हबसकट वेगळी वाट धरू शकतं.

हे ऐकून साडू उत्साहानं म्हणाले, ‘‘मग काय, घट्ट आवळून टाकू!’’

अण्णांनी विचारलं, ‘‘घट्ट म्हणजे किती?’’

आता हा प्रश्न आपल्या घरादारात कुणी कुणाला विचारत नाही. घट्ट म्हणजे घट्ट. आणि माझं निरीक्षण असं की, आपण जे घट्ट करायचं ते सैल ठेवतो आणि जे सैल चाललं असतं ते जीव खाऊन आवळतो. लोणच्याच्या बरणीचं झाकण असं बसवतो की उघडायला शेजारून माणूस बोलवावा लागतो. कुकरच्या कानाचा स्क्रू मात्र वर्षभर डुगडुगत असतो. नळ इतका पिळतो की आतला वायसर चेचला जातो आणि मग तो त्यामुळंच गळतो. खुर्चीचा पाय हलतो तो हलतोच. त्यावर कोणी कसं बसायचं हे पाहुण्यांना सांगून ठेवलेलं असतं. आणि प्रत्येक घरात एक पुरुष असा असतो की ज्याचा आपल्या मनगटावर पूर्ण विश्वास असतो. ‘‘मी लावलंय ते, निघायचं नाही,’’ असं तो म्हणतो. तो खिळावाला पूर्वसुरीही हेच म्हणाला असणार, फक्त इंग्रजीत.

साडूंनी पुस्तक आणलं. जॉन म्यूर नावाच्या इंजिनिअरनं 1969 साली लिहिलेलं, फोक्सवॅगन जिवंत कशी ठेवावी हे सांगणारं. या गाडीच्या भक्तमंडळींत त्याला पोथीचा मान आहे. कण्याला तारेचं वेटोळं, म्हणजे गाडीखाली पडल्यापडल्या ते उघडं राहतं. आत पीटर आश्वांडनची फार सुंदर चित्रं. अण्णांनी आदरानं हातात घेतलं, मुखपृष्ठावरचं लहान अक्षर वाचलं आणि थबकले. पुस्तक ‘पक्क्या मूर्खांसाठी’ आहे, असं त्यावर लेखकानंच छापलंय.

‘‘हे आपण स्वतःसाठी घेतलंत?’’

‘‘हो अण्णा. फार उपयोगी आहे.’’

अण्णा काही बोलले नाहीत. जावयाच्या तोंडून कबुलीजबाब मिळाल्यावर माणूस आणखी काय बोलणार. पण त्यांना पाहिजे होतं ते कारखान्याचं पुस्तक. तेही गॅरेजात निघालं, पानं एकमेकांना चिकटलेली. त्यात आकडा होता: 35 किलोग्रॅम-मीटर. अमेरिकी मोजणीत 253 फूट-पाउंड. साध्या मोटारीच्या चाकाचा नट दहा-बारा किलोग्रॅम-मीटरला बसतो, म्हणजे हा त्याच्या तिप्पट. आणि एक नियम: एवढं आवळून पिनेचं भोक खाचेसमोर आलं नाही, तर नट आणखी पुढं फिरवून पुढची खाच गाठायची. मागं घ्यायचा नाही.

‘‘पुढंच जायचं,’’ अण्णा म्हणाले. ‘‘मागं यायचं नाही. लक्षात ठेवा.’’

साडूंकडे टॉर्क रेंच होता, पण तो 150 फूट-पाउंडालाच दमतो. मग आम्ही सुट्या भागांच्या दुकानातून मोठा रेंच उसना आणला. तिकडं अनामत ठेवून अशी हत्यारं मिळतात, ही सोय मला फार आवडते. अण्णांनी तो उलटसुलट करून पाहिला.

‘‘हा शेवटचा कधी तपासलाय?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘बरोबर दाखवतो का, हे कुणी, कधी तपासलं? चिठ्ठी कुठं आहे?’’

चिठ्ठी नव्हती. दुकानातल्या मुलाला फोन केला, तो म्हणाला, काही तक्रार आलेली नाही. अण्णांनी रेंच बाजूला ठेवला. त्यांच्या हयातीत तपासणीच्या चिठ्ठीशिवाय आलेल्या हत्यारानं त्यांनी नट लावला नव्हता आणि परदेशात येऊन ते बिघडणार नव्हते. मला गंमत याची वाटली. सिलिकॉन व्हॅलीतला इंजिनिअर ‘अंदाजे होईल’ म्हणत होता, आणि एसटीतला म्हातारा पुराव्यावर अडून बसला होता. आपल्याकडं कुणी हे दृश्य नाटकात घातलं तर प्रेक्षक म्हणतील, माणसांची अदलाबदल झाली.

‘‘मग कसं करायचं, अण्णा?’’

‘‘वजनानं. किलोग्रॅम-मीटर लिहिलंय ना? लांबी मोजायची, वजन ठेवायचं. वजन खोटं बोलत नाही.’’

तत्त्व सोपं आहे. पान्याला आडवा पाइप लावायचा. नटाच्या मध्यापासून एक मीटरवर 35 किलो वजन ठेवलं की झाले 35 किलोग्रॅम-मीटर. अर्ध्या मीटरवर ठेवायचं तर 70 किलो. म्हणजे बरोबर 70 किलोचा माणूस अर्ध्या मीटरवर पाइपावर हळूच उभा राहिला, की नट कारखान्याच्या हुकुमाप्रमाणे बसला.

वजन खोटं बोलत नाही हे खरं. माणूस बोलतो.

साडूंनी पाकिटातून ड्रायव्हिंगचा परवाना काढला. कॅलिफोर्नियाच्या परवान्यावर माणसाचं वजन छापलेलं असतं, आणि ते त्यानं स्वतः सांगितलेलं असतं. 165 पौंड, म्हणजे 75 किलो. साडू म्हणाले, ‘‘सोपं आहे. 47 सेंटीमीटरवर मी उभा राहतो.’’ अण्णांनी परवान्याकडं पाहिलं, मग परवान्याच्या वर पाहिलं. जावयाला त्याचं वजन विचारायचं तरी कसं? त्यांनी मला बाजूला घेऊन खालच्या आवाजात विचारलं, ‘‘हा फोटो कोणत्या सालचा असावा?’’

न्हाणीघरातला वजनकाटा आणला, तर त्याची सुई रिकाम्या काट्यावरच शून्याच्या अलीकडं उभी. मेव्हणीनं काट्याचं बटण फिरवून ती तिथं आणली होती आणि तिथंच ठेवायची, असं सगळ्यांना बजावलं होतं. अलीकडं म्हणजे किती अलीकडं, यावर नवरा-बायकोत जरा वेळ गेला. माझी उमेदवारी पुढं आली, पण माझी बायको ‘‘यांचं सकाळचं आणि रात्रीचं वेगळं भरतं’’ म्हणाली आणि मी बाद झालो.

आणि मग अण्णांना सुचलं ते अजब होतं. या घरात एक वजन असं होतं की जे कुणीही फसवू शकत नव्हतं. आई-अण्णांच्या परतीच्या बॅगा. विमान कंपनी प्रत्येकी 23 किलोच्या दोन बॅगा नेऊ देते, आणि तेविसाच्या वर शंभर ग्रॅम गेले तरी काउंटरवर सगळ्यांदेखत बॅग उघडावी लागते. म्हणून आपल्या लोकांच्या घरी काही असो नसो, बॅगा लटकवून तोलायचा हातकाटा असतोच. देशातलं सोनंसुद्धा इतक्या भीतीनं कुणी तोलत नसेल. आईंच्या दोन्ही बॅगा आठवडाभर आधीच भरून तयार होत्या: चॉकलेटं, गुडघ्याच्या गोळ्या, नातवंडांचे टीशर्ट आणि बदाम. जगातले सुमारे 80 टक्के बदाम याच राज्यात पिकतात, आणि आईंचा कल त्यातला आपला वाटा घेऊन जाण्याकडं होता. दोन्ही बॅगा 23.0.

‘‘छेचाळीस किलो,’’ साडूंचा चेहरा उजळला. ‘‘शहात्तर सेंटीमीटरला चौतीस पूर्णांक शहाण्णव.’’

‘‘सत्याहत्तर धरा,’’ अण्णा म्हणाले. ‘‘पस्तिसाच्या खाली नको.’’

‘‘आणि पाइपचं वजन? पाना आणि पाइप मिळून चार किलो तरी असेल, त्याचा मध्य साठ सेंटीमीटरवर, म्हणजे तेच दोन पूर्णांक चार...’’

‘‘ते वरचं. हिशेबात धरायचं नाही.’’

आता प्रत्यक्ष काम. ते उरकायला फार वेळ लागला नसता, जर नट उघडायला थोडे तरी कष्ट पडले असते. जो नट सोडवायला लोक हातभर लांब पाइप लावून लोंबकळतात, तो खिळा काढल्यावर साडूंच्या एका हातानं, पाइपशिवाय फिरला. सगळ्यांचे चेहरे गंभीर झाले. चाक, ड्रम, हब उतरवून अण्णांनी दात्यांवरून नख फिरवलं. एका बाजूनं चकाकत होते, पण उभे होते. ‘‘वाचलं,’’ एवढंच म्हणाले. साफसूफ केली, नवा नट लावला, चाक चढवून गाडी जमिनीवर उतरवली, हँडब्रेक ओढला, पुढच्या चाकांपुढं ठोकळे दिले.

साडूंचा बेत बॅगा पाइपाला टांगायचा होता. पण चाकाचा मध्य जमिनीपासून जेमतेम फूटभर वर, आणि बॅग उभी अडीच फूट. टांगायची कुठं? मग अण्णांनी पाइपावर खडूनं सत्याहत्तरची खूण केली आणि दोन्ही बॅगा एकावर एक आडव्या, पाइपावर, खुणेवर मध्य येईल अशा ठेवायला सांगितल्या. सुतळीनं बांधल्या. त्या कलंडू नयेत म्हणून एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं साडू.

‘‘हात नुसता लावायचा. जोर नाही द्यायचा. जोर बॅगांचा आहे.’’

‘‘हो अण्णा.’’

‘‘आपण जोर देता आहात.’’

‘‘नाही अण्णा, त्या तिरक्या होतायत.’’

‘‘मग आपण सरळ उभे राहा. त्या आपोआप सरळ होतील.’’

पाइप अगदी आडवा असतो तेव्हाच हिशेब खरा. नट जरा फिरला, पाइप खाली झुकला, की बॅगा उतरवा, पाना काढून वरच्या खुणेला बसवा, पुन्हा बॅगा चढवा. दर वेळी सुतळीची गाठ सोडायची आणि बांधायची. साडूंचा मुलगा कोपऱ्यात उभा राहून मोबाइलवर चित्रण करत होता आणि हसून त्याचा हात हलत होता. समोरच्या घरातले वृद्ध शेजारी कॉफीचा मग घेऊन कुंपणापाशी आले. गाडीच्या मागच्या चाकावर बांधलेल्या दोन मोठ्या बॅगा, त्यांना दोन्ही बाजूंनी सांभाळणारे दोन मध्यमवयीन गृहस्थ, आणि गुडघ्यावर बसून पाइपाच्या पातळीवर नजर लावलेले एक आजोबा. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मनापासून विचारलं, ‘‘लांबच्या प्रवासाला निघालात का?’’

साडूंनी त्यांना सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला. शेजाऱ्यांना त्यातलं बॅगा तेवढं समजलं. त्यांनी शुभेच्छा दिल्या.

अखेर अशी वेळ आली की बॅगा चढवल्या, पाइप आडवा राहिला आणि नट तसूभर हलला नाही. अण्णांनी श्वास सोडला. भोक मात्र खाचेपासून जरासं मागं राहिलं होतं. ‘‘पुढं,’’ अण्णा म्हणाले, आणि पाइपाच्या टोकाला स्वतः हात घालून नट पुढच्या खाचेपर्यंत नेला. नवी स्प्लिट पिन घातली. पक्कडीनं तिचा एक पाय वर, एक खाली वाकवला. वाकवून झाल्यावर बोटानं चाचपून पाहिला, कुठं टोक वर नाही ना. मग डाव्या चाकाकडं जाऊन तिथलाही नट तसाच बॅगा ठेवून तपासला. जुन्या ट्रकांना डाव्या बाजूला उलटे आटे असायचे. या गाडीला दोन्हीकडं सरळच आहेत, हे त्यांनी आधी पुस्तकात पाहून घेतलं. तो नट हलला नाही. बॅगा आत नेल्या. साडूंनी गाडी रिव्हर्सला घेतली. टक् नाही. पुढं घेतली. टक् नाही. चमच्याचा खळखळाट तेवढा ओळखीचा.

‘‘पन्नास-शंभर मैल झाले की पुन्हा तपासायचा,’’ अण्णा म्हणाले. पण खूश होते. सहा महिन्यांच्या मुक्कामात पहिल्यांदा त्यांनी ‘‘छान’’ हा शब्द वापरला नाही. ‘‘जमलं,’’ म्हणाले.

हात धुऊन आत आलो तर आईंनी शिरा केला होता. काम तडीला गेलं म्हणून गोड. तुपाचा वास घरभर, आणि वर बदामाचे काप, एवढे की खालचा रवा दिसेना. साडूंनी पहिला घास घेऊन ‘‘वा!’’ म्हटलं. अण्णांनी चमचा उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला.

‘‘हे बदाम कुठले?’’

‘‘बॅगेतले. आणखी कुठले आणायचे?’’ आई म्हणाल्या. ‘‘दोन्ही पिशव्या काढून ठेवल्या मी. थोरली म्हणाली, आई, पुण्यात काय बदाम मिळत नाहीत का? म्हटलं जाऊ दे.’’

‘‘कधी काढल्यास?’’

‘‘सकाळी. तुम्ही बॅगा बाहेर नेल्यात त्याच्या आधी. गाडीच्या चाकाला बांधणार आहात हे मला कुणी सांगितलं होतं?’’

तीन-तीन पौंडांच्या दोन पिशव्या. साडूंनी घास गिळायच्या आत हिशेब केला: दोन पूर्णांक सात किलो कमी, सत्याहत्तर सेंटीमीटरवर, म्हणजे पस्तिसाला पावणेदोनाच्या आतच कमी. ‘‘पण अण्णा, पाइपचं वजन आपण धरलंच नव्हतं! ते दोन पूर्णांक चार. म्हणजे पाऊण किलोग्रॅम-मीटर जास्तच आवळलंय. शिवाय आपण तो पुढच्या खाचेला नेला, ते वेगळंच! काही काळजी नाही!’’

हिशेब बिनचूक होता. मीही मनात केला, तेवढाच आला. मेव्हणीनं सगळ्यांना आणखी एकेक डाव वाढायला घेतला.

अण्णांनी शिऱ्याची वाटी टेबलावर ठेवली आणि चष्मा पुसला.

‘‘आपला पाइप पुस्तकात आहे का, जावईबापू?’’

‘‘नाही.’’

‘‘मग आपण शिरा सावकाश संपवा. बॅगा पुन्हा तोला. आणि पिन नवीन घ्या, वाकवलेली परत वापरायची नसते.’’